बठ्ठामधला आवाज

भाईदासला मनातल्या मनात वाचता येत नसे. अक्षरओळखीत काही खोट नव्हती, पण उभा जन्म लाउडस्पीकरवर वाचून दाखवण्यात गेल्यामुळे कागद समोर आला की तोंड आपोआप उघडायचं आणि आवाज थेट पोटातून निघायचा. विजेचं बिलसुद्धा तो असं वाचायचा की शेजारच्या ओट्यावर शेंगा फोडणाऱ्या बायकांना आकडा कळावा. त्यामुळे भाची मेघाच्या गाण्याखाली लोकांनी मोबाइलवर जे जे लिहिलं, ते सगळं लताबाईला भाकरी थापता थापता ऐकावं लागलं.

"दोन्ही पॅनलचं मीठ खाल्लेला भोंगा," भाईदासने खणखणीत वाचलं. "याची गाढवावरून वरात काढा. मामा-भाचीने मिळून गावाची इज्जत घालवली."

"हळू वाचा ना," लताबाई आतून म्हणाली. "बठ्ठी गल्लीले आयकू जाई राह्यनं."

"गल्लीनीच लिखेल शे," भाईदास म्हणाला, आणि पुढचं वाचायला लागला.

धरणगावाहून अमळनेरकडे जाताना सावरबर्डी लागतं. कापसाचं गाव. बाजारपेठ, मोठा चौक, आणि नाल्यापलीकडे उंचवट्यावर बर्डीची वस्ती. या गावात आणि भोवतालच्या दहा-वीस खेड्यांत भाईदासच्या तोंडापेक्षा त्याचा आवाज जास्त लोकांना ठाऊक होता. तीनचाकी रिक्षा, टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. सीटखाली बॅटरी आणि मांडीवर माइक. पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस, साड्यांचा सेल, ग्रामसभा, निवडणूक आणि मयत, एवढं त्याचं काम.

कामाची त्याची एक रीत होती. सरकारी सूचना आणि मरण तो शुद्ध मराठीत सांगायचा. साड्या आणि मतं अहिराणीत. मयताचं सांगताना तो शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा, रिक्षा पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यायचा, आणि "यांचे दुःखद निधन झाले असून" हे शब्द असे उच्चारायचा की कुठे भाजी निवडणारी बाई हात थांबवून कान द्यायची. मरणात चूक चालत नाही, असं त्याचं मत होतं. नाव, वय, अंत्ययात्रा कुठून निघणार, सगळं चोख हवं. मतांचं तसं नव्हतं. निवडणूक म्हणजे त्याच्या लेखी जत्रा. जत्रेत थोडं इकडचं तिकडे चालायचं, म्हणून तिथे तो घरची बोली वापरायचा, पाय पसरून बसल्यासारखी.

गावात पॅनल दोन. एक योगराजचं, एक कौतिकआप्पाचं. भाईदास दोघांचंही सांगायचा. सकाळी एकाचा बॅनर रिक्षाला, दुपारी कापसाच्या जिनिंग मिलमागे उभं राहून तो सोडायचा आणि दुसऱ्याचा बांधायचा. कोणी टोमणा मारलाच तर त्याचं उत्तर तयार असे, "आवाज मना, बोल त्यासना." आवाज माझा, शब्द त्यांचे, या एका वाक्यावर तो वर्षानुवर्षं निवांत झोपला होता.

मेघा त्याच्या बहिणीची, भिकुबाईची मुलगी. अमळनेरला वाढली, तिथल्याच कॉलेजात शिकली, आणि आता धुळ्याला देवपुरातल्या एका दवाखान्यात पेशंटना नावाने हाका मारायचं काम करायची. लहानपणी मामाच्या रिक्षात बसून ती मोकळ्या माइकवर फुंकर मारायची आणि भोंग्यातून वारं सुटलं की टाळ्या पिटायची. मोठेपणी ती रॅप करायला लागली. भाईदासने तिचं एक-दोन वेळा ऐकलं होतं. त्यात गाणं कमी आणि भांडण जास्त होतं, असं त्याला वाटलं. पण भाची भांडते तेही चालीत भांडते, याचं कौतुकच होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भिकुबाई माहेरी आली तेव्हा मेघाही आली. अंगणात निंबाला झोका बांधला होता, बायकांची गाणी चालली होती. ही मात्र मामाच्या पेनड्राइव्हचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. दिवसभर ओरडून घसा बसू नये म्हणून भाईदास प्रत्येक निवडणुकीची घोषणा आधी भरून ठेवायचा आणि ते सगळं त्याने जपलं होतं. मेघाने एकेक लॅपटॉपवर उतरवून घेतलं. तो शेजारी बसून सांगत गेला, हे अमक्या वर्षाचं, हे सरपंच निवडून आले तेव्हाचं, हे पडले तेव्हाचं. कशाला हवंय, हे त्याने विचारलं नाही. एवढंच विचारलं की गाण्यात माझं नाव टाकशील ना. मेघाने टाकलं. नेमकं तेच अंगाशी आलं.

सहा गाण्यांचा अल्बम निघाला. नाव ‘बठ्ठा’. बठ्ठा म्हणजे अहिराणीत सगळे. कापूस मोजताना काट्यावर मातीच्या नावाने मारलं जाणारं वजन, धुळ्याच्या एसटी स्टँडवरची शेवटची गाडी, नोकरी लावून देणारे दलाल, असं एकेका गाण्यात एकेकाला धरलेलं होतं. पण गाजलं ते शेवटचं गाणं. त्याची सुरुवात भाईदासच्या आवाजाने होती. "यंदा नळले पानी येईच येई." मग पुन्हा तेच, पुढच्या निवडणुकीचं, दुसऱ्या पॅनलचं. मग त्याच्या पुढच्या निवडणुकीचं. आवाज दर वेळी थोडा जाड होत जातो, पॅनल बदलतं, वाक्य तेच राहतं. मग ढोल थांबतो. भाईदासचा आवाज म्हणतो, "बठ्ठा", आणि मेघाचा आवाज म्हणतो, "चोर". बठ्ठा, चोर. बठ्ठा, चोर. गाणं संपेपर्यंत.

भाईदास जन्मात कोणाला चोर म्हणाला नव्हता. त्याचं मूळ वाक्य होतं, "बठ्ठा गावकरीस्नी सभाले येवानं." मेघाने त्यातला पहिला शब्द कापून घेतला होता.

निवडणूक तोंडावर होती. भटूच्या सलूनमध्ये ते गाणं दिवसातून कितीदा वाजायचं आणि प्रत्येक जण ते ऐकताना थुंकल्यासारखं तोंड करायचा, तरी पुन्हा लावायचा. योगराजच्या बाजूचे म्हणायचे, पाण्याची योजना कौतिकआप्पाने बुडवली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग पोरीने आम्हाला त्यांच्या पंक्तीला का बसवलं. कौतिकआप्पाच्या बाजूचे नेमकं उलट म्हणायचे. पोरीने एका पॅनलला चोर म्हटलं असतं तर निम्मं गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं असतं. राग चोर या शब्दाचा नव्हता, बठ्ठा या शब्दाचा होता.

"बठ्ठा म्हणजे कोण कोण?" भटूने एकदा वस्तरा हवेत धरून विचारलं. "मी पण का? मी कुठे नळाचं सांगितलं होतं?"

"तू दाढीला पाणी कमी लावतोस," खुर्चीतला म्हणाला. "तुझं नाव पहिलं."

हसू उसळलं, पण भटू हसला नाही. त्याने त्या दिवसापासून सलूनमध्ये गाणं लावायला बंदी केली, आणि बाहेर बाकड्यावर बसून लोक ते लावायला लागले.

पिठाच्या गिरणीवर बायकांचं मत वेगळ्या वाटेने पण तिथेच पोचलं. तानुबाईचं म्हणणं असं की नळाचं बाई खरं आहे, पण पोरीच्या जातीने एवढं तोंड चालवलं तर उद्या कोणत्या घरात नांदायची. जळगावकडच्या कॉलेजातल्या पोरांनी लिहिलं की ही बोली आमची नव्हे. असोद्याच्या एकाने तर खुलासाच केला की आमच्या भागात ‘सगये’ म्हणतात, बठ्ठा म्हणत नाहीत, तेव्हा आम्ही यात धरलेलो नाही. अमळनेरच्या काही पोरांना गाणं आवडलं होतं, पण त्यांनीही ठेका चोरीचा आहे असं लिहून ठेवलं, म्हणजे आपण भोळे ठरायला नको. सुरतेहून भाईदासच्या मुलाचा, ललितचा फोन आला. तो लूमवर कामाला. तिथे धुळ्या-जळगावकडचीच माणसं. जेवणाच्या सुट्टीत एकाने गाणं लावलं आणि ललितला विचारलं, हा तुझाच बाप ना, दोन्हीकडचा? ललित फोनवर एवढंच म्हणाला की दादा, तिला तुमचं नाव टाकायची काय गरज होती.

भाईदासने हे सगळं सोसलं. साड्यांच्या दुकानदाराने या वर्षी राहू द्या म्हटलं, तेही सोसलं. ग्रामसेवकाने वसुलीची सूचना फलकावर लावून भागवलं, तेही. पण वच्छलाबाई गेल्या, तेव्हा तो हलला.

वच्छलाबाई गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. गेली कित्येक वर्षं त्या त्याला हाक मारून बजावायच्या की मनं मयत तूच सांगजो, आणि नाव नीट घेजो. सकाळी त्यांच्या घरातून रडण्याचा आवाज आला तसा भाईदासने अंघोळ उरकली, शर्टाचं वरचं बटण लावलं, बॅटरीची पिन तपासली आणि ओट्यावर बसून राहिला. कोणी ना कोणी बोलवायला येईल. उन्हं ओट्यावर आली. मग चौकाकडून भोंग्याचा आवाज आला. वच्छलाबाईंच्या मुलांनी धरणगावहून रिक्षा आणली होती. परका माणूस, फिल्मी आवाज. "वत्सलाबाई यांचे दुःखद निधन," तो सांगत होता. भाईदास ताडकन उभा राहिला. नाव चुकलं होतं. रिक्षा समोरून गेली, पुन्हा फिरून आली, आणि दर वेळी वत्सलाबाईच मेल्या. मयताला तो गेला, खांदाही दिला. वच्छलाबाईंचा मोठा मुलगा त्याच्याकडे न बघता म्हणाला की तुझ्या आवाजात आईचं नाव ऐकलं असतं तर लोकांना पुढे ते चोर-चोर आठवलं असतं, वाईट वाटून घेऊ नको.

त्यानंतर योगराजचा निरोप आला. भाईदास गेला. योगराज वयाने त्याच्यापेक्षा बराच लहान, बोलायला गोड. त्याने चहा मागवला, नाना म्हणून हाक मारली, खुर्ची पुढे सरकवली. कौतिकआप्पाचाही एक माणूस कोपऱ्यात बसला होता. दोन्ही पॅनल एका कामासाठी एका खोलीत बसलेली गावाने त्याआधी पाहिली नव्हती. योगराज म्हणाला की काम काही कठीण नाही. रिक्षा काढायची आणि गावभर सांगायचं की त्या गाण्यातला आवाज तुमचा नाही, तुमच्यासारखा कोणीतरी काढला आहे, आणि तुमचा त्या अल्बमशी काही संबंध नाही.

"पण आवाज तर माझाच आहे," भाईदास म्हणाला.

"नाना, हल्ली कॉम्प्युटर कोणाचाही आवाज काढतो. लोकांना माहीत आहे. तुम्ही एकदा सांगितलं की विषय संपला. मग निवडणुकीचं दोन्हीकडचं काम तुम्हीच करा, आणि मयतंही तुमचीच."

शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं होतं, पण भाईदासच्या कानात तेच राहिलं.

घरी येऊन त्याने मेघाला फोन लावला. गाणं निघाल्यापासून दोघं नीट बोलली नव्हती. तिच्याही मागे शिव्या लागल्या होत्या. दवाखान्यात नाव पुकारायच्या खिडकीपाशी येऊन कोणी कोणी तिला चोर म्हणून जायचं. त्याने योगराजचं म्हणणं सांगितलं.

"मामा, मी तुमना एक बी शब्द बदला नही," ती म्हणाली. "फक्त एकनाजोडे एक लावात."

"बठ्ठा तर तू कापी लिधा ना," भाईदास म्हणाला. "मी ते लोकेस्ले बलावाले म्हनेल व्हतं. सभाले या म्हनीसन. तू त्याना जोडे चोर लावं."

"हां, ते कापं," मेघा म्हणाली. आवाजात माफी नव्हती. "तुमले सांगनं व्हई ते सांगा. कॉम्प्युटरना आवाज शे म्हनीसन सांगा. मंग मी खोटी. मन्हावर तसं बी बठ्ठा थुंकतसच."

फोन तिनेच ठेवला. लताबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. भाचीवर तिचा पहिल्या दिवसापासून राग होता. ज्या ताटात जेवली त्यात घाण केली पोरीने, हे तिने भिकुबाईला फोनवर सुनावलंही होतं. आता ती नवऱ्याला म्हणाली की सांगून टाका आणि मोकळे व्हा, भाची काय, उद्या गाणं विसरेल, आपल्याला इथेच राहायचं आहे.

दुसऱ्या दिवशी भाईदासने रिक्षा काढली. वरचं बटण लावलं. अशा कामाला शुद्ध मराठीच बरी, हे त्याने ठरवायची गरजच पडली नाही. जीभ आपोआप तिकडे वळली. "समस्त ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या गीतातील आवाज हा भाईदास यांचा नसून, सदर अल्बमशी त्यांचा कोणताही संबंध नाही." स्वतःचं नाव तो असं घेत होता, जणू कोणी दुसराच भाईदास. बाजारपेठेतून गेला. काही दुकानदारांनी मान हलवली. सलूनपुढच्या बाकड्यावरून कोणीतरी ओरडलं की याच्या तोंडचं ‘नाही’सुद्धा आधी पॅनलला विचारून येतं. योगराजचा माणूस मोटारसायकलवर मागे होता, तो हसला आणि पुढच्या गल्लीकडे बोट दाखवलं. भाईदास सांगत गेला. वाक्य गुळगुळीत होतं, तोंडातून घरंगळत होतं, आणि त्याला वाटलं, झालं, जमतंय हे.

शेवटी नाला ओलांडून तो बर्डीवर गेला. योगराजचा माणूस नाल्यापाशीच थांबला. बर्डीच्या चढावर योगराजच्या पॅनलला मत नव्हतं. वर टँकर येऊन गेलेला होता, वाटेवर चिखल आणि सांडलेलं पाणी, आणि बायकांची भांडी अजून रांगेत. भाईदासने वाक्य एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना धुरपदाबाई रिक्षाच्या आडवी आली. सत्तरीची बाई, डोक्यावर चुंबळ तशीच, हातात रिकामी कळशी.

"काय सांगी राहिना रे भो?" ती म्हणाली. "माले काही समजनं नही. आपली बोलीमा सांग."

भाईदासने माइक तोंडाशी धरला. "अक्का, ते गानं शे ना," त्याने सुरुवात केली, आणि भोंग्यातून ते बर्डीभर गेलं. "त्या गानामा जो आवाज शे, तो मना..."

पुढचा शब्द फक्त ‘नही’ होता. तो येईना. शुद्ध मराठीत तो सकाळपासून किती वेळा येऊन गेला होता. तिथे वाक्याला ‘सदर’ होतं, ‘सूचित’ होतं, वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी होतं. अहिराणीत मना म्हटलं की मनाच झालं. आईशी, लताबाईशी, बैलांशी बोलायची जीभ ती. तिच्यावर हे बसेना. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. रांगेतल्या बायका बघायला लागल्या.

"भोंगा बंद कर," धुरपदाबाई म्हणाली. "माले आयकू येस."

त्याने बटण दाबलं. खरखर थांबली. भोंग्याशिवाय बर्डीवर तो पहिल्यांदाच बोलणार होता, पण आधी बोलायला लागली ती धुरपदाबाई. नातवाने तिला गाणं ऐकवलं होतं आणि तिलाही ते मुळीच आवडलं नव्हतं.

"नळनं तूच सांगेल व्हतं ना?" तिने विचारलं.

"बोल त्यासना व्हतात, अक्का."

"त्या लोके कव्हय बर्डी चढनात? तू चढना. मोठला लोके सांगतस ना, शुद्ध बोलतस, ते आम्ही आर्धं आयकतस. तू घरना मानूस सांगस तसा सांगे. येईच येई, म्हने. म्हनीसन आम्ही खरं मानं." तिने कळशी खाली ठेवली. "आनि ती तुनी भाची म्हनस, बठ्ठा चोर. हंडा वाहीवाहीसन मनी मान मोडी गयी. मी बी चोर का रे?"

भाईदासने रांगेकडे पाहिलं. कोणी त्याच्या बाजूने बोलणारं नव्हतं. प्लास्टिकचे ड्रम, पितळी कळशा, आणि त्यांच्यामागे ओळखीचे चेहरे. या चेहऱ्यांसाठी त्याने अहिराणी निवडली होती, जत्रेची बोली म्हणून. त्यांनी ती घरची म्हणून ऐकली होती.

"तू नही, अक्का," तो म्हणाला. भोंग्याशिवाय त्याचा आवाज बारीक होता, जरा घोगरा. "मी शे त्यामा."

धुरपदाबाई विरघळली नाही. तिने कळशी उचलली.

"मंग अठे काय सांगस? चौकमा जाईसन सांग."

वाट अरुंद होती. रिक्षा वळायला जागा नव्हती, मागे मागे न्यावी लागली. एक चाक चिखलात रुतलं तेव्हा त्याने खाली उतरून स्वतःच ढकलली. रांगेतलं कोणी पुढे आलं नाही. नाल्यापाशी योगराजचा माणूस विचारत होता, झालं का नाना? त्याने रिक्षा तशीच चौकाकडे हाकली.

चौकात त्याने रिक्षा पाराशी उभी केली आणि भोंगा चालू केला. वरचं बटण गळ्याला टोचत होतं, ते काढून टाकलं.

"भाईदास बोलस," तो म्हणाला. "सकायपाईन जे सांगं ते खोटं शे. गानामधला आवाज मना शे. नळनं मीच सांगेल व्हतं, दर निवडनूकले सांगेल व्हतं. ‘बठ्ठा’ शब्द मना शे. त्यामा मी बी शे."

दुसऱ्यांदा सांगायला घेतलं तेवढ्यात योगराजच्या माणसाने येऊन वायर उपटली. भोंगे गप्प झाले. सलूनपुढे हशा पिकला. कोणी म्हणालं म्हातारा फिरला. कौतिकआप्पाचे म्हणाले, योगराजने काम दिलं तेव्हाच समजायला हवं होतं. योगराजचे म्हणाले, आप्पाने रातोरात फोडला. भटू मात्र वस्तरा घेऊन दारात आला आणि बाकड्यावरच्यांना म्हणाला की त्याने निदान स्वतःला धरलं, तुमच्यापैकी कोण धरतोय. तो हे भाईदासच्या बाजूने बोलला नव्हता. बठ्ठामध्ये आपण नाही, एवढंच त्याला पुन्हा एकदा सांगायचं होतं. त्यावरून बाकड्यावर जुंपली. भाईदासकडे मग कोणी बघितलं नाही. तुटलेली वायर गुंडाळून सीटखाली टाकून तो निघाला.

मोबाइलवर त्या संध्याकाळी बरंच लिहून आलं. आदल्या आठवड्यापेक्षा वाईट. भाईदासने वाचायला घेतलं, दोन ओळींनंतर फोन पालथा ठेवला. मेघाचा फोन आला नाही. निवडणुकीचं काम दोन्ही पॅनलनी जळगावच्या एकाला दिलं, तो रेकॉर्ड करून पाठवणार होता.

लताबाईने चौकातलं घरबसल्या ऐकलं होतं. वारं त्या बाजूचं होतं. ताट वाढून तिने समोर ठेवलं आणि शेजारी बसली.

"तुम्हीन सोताले चोर म्हनी लिधं?" तिने विचारलं.

"चोर नही म्हनं. बठ्ठामा शे म्हनं."

"एकच ना." तिने कळण्याची भाकरी मोडून त्याच्या ताटात टाकली, उरलेली स्वतःच्या ताटात घेतली. मेघाला तिने पुन्हा दोन शिव्या घातल्या, भिकुबाईलाही एक. मग जेवता जेवता, मान वर न करता, म्हणाली, "मंग माले बी धरा त्यामा. ती कमाईनी भाकर मी बी खादी शे."